साध्या गाठीच्या रुग्णासमोर तिन्ही वाटा ठेवा : महाराष्ट्रातील कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातून रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेऊन मी निवृत्तीपर्यंत रेडिओथेरपी विभागांत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम केले. किरणांची मात्रा मोजणे, उपचाराचा आराखडा तयार करणे आणि यंत्र ठरल्याप्रमाणे चालते आहे की नाही हे रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी तपासणे, हे माझे काम होते, आणि त्यातली बरीच वर्षे मेंदूतील गाठींच्या रेडिओसर्जरीत, म्हणजे कवटी न उघडता गाठीवर नेमके किरण सोडून होणाऱ्या उपचारात, गेली. जे रुग्ण आमच्याकडे आलेच नाहीत, किंवा फार उशिरा आले, त्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे. माझी विनंती अशी की मेंदूत लहान किंवा मध्यम आकाराची, कॅन्सरची नसलेली गाठ सापडली, तर काही काळ नुसते लक्ष ठेवणे, शस्त्रक्रिया करणे आणि रेडिओसर्जरी करणे या तिन्ही वाटा त्यांच्या फायद्या-तोट्यांसह रुग्णाला समजावून सांगितल्या जाव्यात, आणि त्याही शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी. आपल्या रुग्णालयात कोणते यंत्र आहे आणि कोणते नाही, यावर ही निवड ठरू नये.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून श्रवण-नसेवरील गाठ, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा किंवा आजच्या भाषेत व्हेस्टिब्युलर श्वानोमा, घेतो. दर वर्षी साधारण लाखात एकाला ही गाठ होते. सुरुवात फार साधी असते. एका कानाने कमी ऐकू येते, त्या कानात सतत आवाज येतो, चालताना किंचित तोल जातो; कित्येक जण नकळत फोन दुसऱ्या कानाला लावू लागतात आणि आपण तसे केले हे त्यांच्या लक्षातही येत नाही. हा रुग्ण सर्वांत आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातो, म्हणून पत्राच्या मथळ्यात त्यांना पहिले स्थान दिले आहे. कानातला मळ काढून, नसेच्या गोळ्या देऊन किंवा 'वयामुळे होते' असे सांगून त्याला घरी पाठवले, तर दोन-चार वर्षांनी तो परत येतो तेव्हा गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली आणि मेंदूच्या देठाला टेकलेली असू शकते. तेव्हा रेडिओसर्जरी हा एकट्याने पुरेसा उपाय राहिलेला नसतो. दोन कानांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, लक्षणीय फरक दिसला आणि त्याचे दुसरे कारण सापडले नाही, तर एमआरआय सांगावा, हा नियम आपणा सर्वांना ठाऊक आहे. खर्चाचा विचार करून आपल्याकडे अनेकदा आधी बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला श्रवण-नस व मेंदूचे देठ कसा प्रतिसाद देतात हे पाहणारी तपासणी, केली जाते आणि ती ठीक आली की विषय तिथेच थांबतो. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी या चाचणीतून निसटू शकतात, आणि नेमक्या याच गाठींसमोर तिन्ही वाटा मोकळ्या असतात.

आता रेडिओसर्जरीत नेमके घडते काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण रेडिएशन हा विषय आला की पुष्कळ डॉक्टरांच्याही मनात कॅन्सरच्या रुग्णाचे पाच-सहा आठवड्यांचे, केस गळण्याचे, थकव्याचे चित्र येते. स्वीडनचे शल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये पहिले गॅमा युनिट, म्हणजे आजच्या गॅमा नाइफचे मूळ यंत्र, उभे राहिले. त्यात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. आजच्या यंत्रांत १९२ असतात. प्रत्येक स्रोतातून निघणारा किरण इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला त्याची फारशी बाधा होत नाही. सर्व किरण एका बिंदूत मिळतात तिथेच मात्रा मोठी होते. वेगवेगळ्या गावांहून निघालेल्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. वाटेवरच्या कुठल्याही एका गावावर सगळ्या वारीचा भार पडत नाही, तसेच हे आहे. डोक्याला स्थानिक भूल देऊन चार स्क्रूंनी फ्रेम बसवतात, फ्रेमसह एमआरआय होतो, आम्ही आराखडा तयार करतो, न्यूरोसर्जन आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट तो तपासून मान्य करतात, आणि गाठीच्या आकारानुसार व कोबाल्ट किती जुना झाला आहे त्यानुसार अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत उपचार चालतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असल्यामुळे स्रोत न बदललेल्या यंत्रावर पाच वर्षांनी त्याच मात्रेला जवळपास दुप्पट वेळ लागतो. मात्रा मात्र तीच राहते. नव्या यंत्रांत काही रुग्णांना फ्रेमऐवजी मुखवटा चालतो. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.

गाठ नाहीशी होते का? नाही, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे. किरणांमुळे गाठीतील पेशींची विभाजनाची क्षमता जाते, तिच्या रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात, वाढ थांबते, आणि काही वर्षांत पुष्कळ गाठी आक्रसतात. यश मोजायचे ते वाढ थांबण्यावरून. या मोजमापाने पाहिले, तर श्रवण-नसेच्या लहान व मध्यम गाठींत पाच ते दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांची गाठ काबूत राहिल्याचे जगभरच्या मोठ्या केंद्रांचे अनुभव सांगतात. श्रवण-नसेला लागूनच असलेली चेहऱ्याची नस पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्णांत शाबूत राहते. हे नेहमीच असे नव्हते. लेक्सेल यांनी या गाठीवर पहिला उपचार १९६९ साली केला. त्यानंतरच्या दोन दशकांत गाठीच्या कडेला आजच्यापेक्षा बरीच जास्त मात्रा दिली जाई, आणि चेहरा वाकडा होण्याचे प्रमाणही तसेच जास्त होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मात्रा १२ ते १३ ग्रेपर्यंत (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) खाली आणल्यावर गाठीवरचा ताबा टिकून राहिला आणि नसेची हानी झपाट्याने कमी झाली. 'रेडिएशनने चेहरा जातो' असे आजही काही ज्येष्ठ सर्जन सांगतात. त्यांनी ते ज्या काळातले रुग्ण पाहून म्हटले असेल, त्या काळासाठी ते खरे होते. आजच्या रुग्णाला तेच सांगणे त्याच्यावर अन्याय आहे.

ऐकण्याबद्दल मात्र मला जपून लिहिले पाहिजे. ज्यांना उपचाराच्या वेळी कामापुरते ऐकू येत होते, त्यांतील सुमारे निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत ते पाच वर्षांनी टिकते, दहा वर्षांनी निम्म्याहून कमी रुग्णांत. आम्ही आराखड्यात कॉक्लियाची, म्हणजे आतल्या कानातील ऐकण्याच्या अवयवाची, सरासरी मात्रा ४ ग्रेच्या खाली ठेवण्यासाठी तासन्‌तास झटतो, तरी श्रवणशक्ती हळूहळू उतरत जाते. नुसते लक्ष ठेवलेल्या रुग्णांतही ती उतरतेच. 'रेडिओसर्जरीने कान वाचतो' अशी जाहिरात करणाऱ्या केंद्रांचा मला म्हणूनच तितकाच राग येतो, जितका 'रेडिएशन म्हणजे अखेरचा उपाय' म्हणणाऱ्यांचा.

नॉर्वेत बर्गनच्या वैद्यकांनी याच प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून निवड करण्याच्या पद्धतीची चाचणी घेतली, आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या, लहान व मध्यम गाठी असलेल्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी आणि निम्म्यांवर केवळ लक्ष, अशी वाटणी होती. चार वर्षांनी पहिल्या गटात गाठीचे आकारमान मूळच्या सरासरी ०.८७ पट होते, दुसऱ्या गटात १.५१ पट. गाठीवर परिणाम होतो, हे इतक्या स्वच्छ पुराव्याने क्वचितच दाखवले गेले असेल. पण त्याच चाचणीत श्रवण, तोल आणि जीवनमानात दोन गटांत जवळपास काहीच फरक आढळला नाही, आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना चार वर्षांत कुठलाच उपचार लागला नाही. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हे दुसरे निष्कर्ष गैरसोयीचे आहेत, तरी मी ते मुद्दाम लिहितो आहे. सत्तरीच्या आजीबाईंची आठ मिलिमीटरची गाठ दर वर्षी एमआरआयने पाहत राहणे हा पूर्ण प्रतिष्ठेचा निर्णय आहे, आणि तोही त्यांच्यासमोर ठेवला पाहिजे.

शस्त्रक्रियेची जागा कुठे आहे, हे आपण माझ्यापेक्षा कितीतरी चांगले जाणता. तरी आमच्या बाजूने जे दिसले ते सांगतो. मेंदूच्या देठावर दाब आला असेल, मेंदूत पाणी साठत असेल, गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा निदानाचीच खात्री नसेल, तर आधी चाकू. द्रवाच्या पोकळ्या असलेल्या गाठी किरणांना बेभरवशाचा प्रतिसाद देतात. रेडिओसर्जरीनंतर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर गाठ नसेला अधिक चिकटलेली आढळते, अशी अनेक सर्जनांची तक्रार आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असणाऱ्या आनुवंशिक आजारात तर प्रत्येक पावलाचा हिशेब वेगळाच असतो. निदानाबद्दल आपल्या देशासाठी एक खास सावधगिरी सांगावीशी वाटते. रेडिओसर्जरीत तुकडा तपासायला मिळत नाही. एमआरआयवरूनच निदान मानायचे असते. पाश्चात्त्य पुस्तकांत मेंदूच्या आवरणाला चिकटलेली, डाय दिल्यावर एमआरआयमध्ये एकसारखी उजळणारी गाठ म्हणजे मेनिन्जिओमा, आवरणापासूनच वाढणारी गाठ, असे लिहिलेले असते, पण आपल्याकडे क्षयाची गाठही तशीच दिसू शकते. छातीचा एक्स-रे, रुग्णाचा इतिहास आणि शंका असल्यास थोडा काळ थांबून दुसरा एमआरआय, एवढे केल्याशिवाय अशा गाठीवर किरण सोडू नयेत, असे मी आमच्या बैठकांत नेहमी म्हणत असे, आणि त्यावरून वादही होत.

मोठ्या गाठींबाबत मात्र माझी आपल्याशी थोडी तक्रार आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीत 'गाठ पूर्ण काढली' हे शब्द अभिमानाने लिहिले जातात. गाठ चेहऱ्याच्या नसेला पातळ पापुद्र्यासारखी चिकटलेली असताना ती शेवटच्या मिलिमीटरपर्यंत सोलून काढण्याची किंमत रुग्ण पुढे रोज मोजतो. डोळा मिटत नाही, बुबुळाला जखमा होतात, घोट घेताना पाणी ओठाच्या कडेने ओघळते, आणि लग्नकार्यात फोटो काढण्याची वेळ आली की तो माणूस मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. नसेवरचा तो थर जाणीवपूर्वक तसाच ठेवून, जखम भरल्यावर काही महिन्यांनी उरलेल्या भागावर रेडिओसर्जरी करणे ही आज जगभर मान्य झालेली पद्धत आहे. ती सर्जनची हार नाही. पण तिच्यासाठी सर्जन आणि रेडिएशन विभाग शस्त्रक्रियेच्या आधीच एकमेकांशी बोललेले असावे लागतात. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षाने वाढलेला अवशेष घेऊन रुग्ण स्वतःच शोधत आमच्याकडे येतो, तेव्हा मधला मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

इतर गाठींबद्दल थोडक्यात. कॅव्हर्नस सायनसमधील, म्हणजे डोळ्यांच्या मागे कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जागेतील, मेनिन्जिओमाभोवती डोळा हलवणाऱ्या नसा आणि कॅरोटिड धमनी असते. तिथे चाकूने पूर्ण सफाई करण्याचा हट्ट बहुतेक अनुभवी सर्जनांनीच सोडून दिला आहे. कवटीच्या तळाशी, ज्युग्युलर शिरेजवळच्या ग्लोमस या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठींतही रेडिओसर्जरीचे निकाल उत्तम आहेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींत पहिला मान नाकातून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणाऱ्या गाठीत तर गोळ्यांचाच. रेडिओसर्जरी उरलेल्या किंवा परत आलेल्या भागासाठी. तिथे दृष्टिनसेला एका वेळी ८ ते १० ग्रेपेक्षा जास्त मात्रा चालत नाही, त्यामुळे गाठ आणि नस यांच्यात काही मिलिमीटरची फट लागते. शस्त्रक्रिया करतानाच ती फट तयार करून ठेवणारा सर्जन आमच्या दृष्टीने देवमाणूस. उपचारानंतर काही वर्षांनी इतर हार्मोन कमी पडू शकतात, म्हणून एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, जाणे आयुष्यभर चालू ठेवावे लागते. दृष्टिनसेच्या आवरणावरील मेनिन्जिओमात मात्र एका दिवसाची रेडिओसर्जरी योग्य नाही. तिथे रोज थोडी मात्रा देत पाच-सहा आठवड्यांचा कोर्सच बरा.

रुग्णांना सर्वांत जास्त भीती वाटते ती किरणांमुळे पुढे कॅन्सर होण्याची. आपल्याकडे 'लाइट घेतली' म्हटले की नातेवाईक कॅन्सर धरूनच चालतात, आणि मुलीचे लग्न जमवायचे असलेल्या घरात तर हा शब्दही उच्चारला जात नाही. या भीतीला उत्तर देताना 'अजिबात धोका नाही' असे म्हणू नये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील केंद्रांच्या एकत्रित अभ्यासात, गॅमा नाइफ उपचारानंतर किमान पाच वर्षे पाठपुरावा झालेल्या ४,९०५ रुग्णांत असा संशय घेण्याजोगी अवघी तीन प्रकरणे आढळली. धोका आहे, पण अत्यंत लहान आहे. त्याच्या तुलनेत गाठ वाढू देण्याचा किंवा कवटी उघडण्याचा धोका किती, हे आपण रुग्णाला शांतपणे सांगू शकता. तरुण रुग्णासमोर पुढची पन्नास वर्षे असतात, म्हणून त्याच्याशी हे बोलणे अधिक सविस्तर व्हावे.

आता पाठपुराव्याविषयी, कारण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते. रेडिओसर्जरीनंतर साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात बऱ्याच गाठी तात्पुरत्या फुगतात, मध्यभागी काळ्या दिसतात आणि नंतर आपोआप ओसरतात. रुग्ण नंदुरबारला किंवा गडचिरोलीला परतलेला असतो. जवळच्या शहरात एमआरआय होतो, अहवालात 'गाठीत वाढ' असे शब्द येतात, घर हादरते, आणि कुणीतरी घाईने शस्त्रक्रिया सुचवते. अशी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. काढलेल्या गाठीत बरीचशी मृत पेशीच होती. म्हणून ज्या केंद्रांत हा उपचार होतो त्यांनी रुग्णाला मराठीत एक चिठ्ठी द्यावी. उपचाराची तारीख, गाठीच्या कडेची मात्रा, पहिल्या दीड वर्षात आकार वाढलेला दिसू शकतो ही सूचना, आणि कोणत्या लक्षणांवर लगेच यायचे ते, एवढे त्यात पुरे. एमआरआय घराजवळ करायला काहीच हरकत नाही. तो दर वेळी त्याच पद्धतीने, डाय देऊन, पातळ काप घेऊन व्हावा, आणि रुग्णाने फिल्म व अहवालाबरोबर सीडीही जपून ठेवावी, कारण तुलना चित्रांशी करायची असते, अहवालातल्या शब्दांशी नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळींनाही विनंती की रेडिओसर्जरी झाल्याचे कळल्यावर मागच्या एकाच नव्हे, तर उपचाराआधीच्या एमआरआयशीही तुलना करून लिहावे.

यंत्रांच्या स्पर्धेबद्दल एकच सांगतो. १९९७ साली मुंबईत हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीत एम्समध्ये गॅमा नाइफ आले. चंदीगडच्या पीजीआय आणि बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या सरकारी संस्थांतही ते आहे, आणि दरम्यान लिनॅकवर, म्हणजे कोबाल्टऐवजी विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्रावर, आधारलेली रेडिओसर्जरी व यंत्रमानवी हातावर बसवलेले सायबरनाइफ यांनीही चांगले निकाल दिले आहेत. साधी गाठ कोणत्या कंपनीच्या यंत्राने थांबली याला फार महत्त्व नाही. मिलिमीटरच्या अंशाची अचूकता रोज तपासली जाते का, आराखडा कोण बनवतो, त्या केंद्रात वर्षभरात अशा किती गाठींवर उपचार होतात आणि पाच वर्षांनंतरचे किती रुग्ण त्यांच्या नोंदीत आहेत, हे प्रश्न विचारूनच आपण रुग्ण पाठवावा. खर्च लाखांत जातो हे खरे. परंतु समोरच्या माणसाला तो परवडेल की नाही हे त्याचे कपडे पाहून ठरवून ती वाटच न सांगणे योग्य नाही. शस्त्रक्रियेचा, अतिदक्षता विभागाचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब मांडला, तर फरक नेहमीच वाटतो तेवढा नसतो, आणि सरकारी संस्थेत जाण्याची त्याची तयारीही असू शकते.

शेवटची विनंती अंमलबजावणीची. प्रत्येक जिल्ह्यात रेडिओसर्जरीचे यंत्र असावे असे मी म्हणत नाही. तेवढे रुग्ण नाहीत आणि कमी रुग्णांवर हात बसत नाही. पण आठवड्यातून एकदा दूरदृश्य बैठकीत आपल्या जिल्ह्यातला न्यूरोसर्जन, मोठ्या केंद्रातला रेडिओसर्जरी करणारा गट, रेडिओलॉजिस्ट आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ एकत्र बसले, चित्रे पडद्यावर पाहिली, आणि ठरलेले मत रुग्णाच्या कागदावर सर्वांच्या नावांनिशी लिहिले गेले, तर बहुतेक साध्या गाठींचा निर्णय घाईशिवाय होऊ शकेल. या गाठी सहसा वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढतात. डोळ्यांवर किंवा मेंदूच्या देठावर दाब नसेल तर दोन आठवड्यांच्या विलंबाने काही बिघडत नाही. अशी बैठक आपल्यापैकी कुणी सुरू करणार असेल, तर आराखडे तपासायला आणि किरणांच्या मात्रेबद्दलच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला मी विनामोबदला हजर राहीन. माझ्यासारखे निवृत्त झालेले आणखीही काही सहकारी तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, ठाणे